बाजारातील नावे : लंडनमधील आफ्रिकी व कॅरिबियन खाद्यवस्तूंचा एक ऐतिहासिक विचार

१

स्थलांतराचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे अभ्यासक प्रथम कागदपत्रांकडे वळतो. जहाजांवरील उतारूंच्या याद्या, शिरगणतीचे तक्ते, कायदे आणि त्यांवरील चर्चा ही त्याची नेहमीची साधने होत. त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. तथापि ही साधने ज्यांनी निर्माण केली त्यांच्या गरजा त्यांत जितक्या स्पष्ट उमटतात, तितके ज्यांच्याविषयी ती लिहिली गेली त्यांचे जीवन उमटत नाही. ब्रिटनमधील कॅरिबियन आणि आफ्रिकी समाजाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या समाजाच्या पूर्वजांची नावेसुद्धा बहुधा मळेवाल्यांनी ठेवलेली होती आणि हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद मालमत्ता म्हणून होत असे.

अशा स्थितीत एक उपेक्षित साधन पुढे येते. ते म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या खाद्यवस्तूंची नावे. नाव लिहून ठेवावे लागत नाही. जो वस्तू मागतो आणि जो देतो त्या दोघांच्या तोंडी ते टिकून राहते. लंडनमधील बाजारात ही नावे कोठून आली, कोणत्या वस्तूंना आफ्रिकी नावे राहिली व कोणत्यांना इंग्रजी मिळाली, आणि त्या वाटणीवरून काय निष्पन्न होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनचा बाजार या दृष्टीने सोयीचा आहे. १८७० नंतरच्या दशकात ॲटलांटिक रोडवर तो भरू लागला. पुढील दशकात जवळच्या एका रस्त्यावर विजेचे दिवे लागले आणि त्यावरून त्यास इलेक्ट्रिक अव्हेन्यू हे नाव पडले. १९२५ ते १९३७ या काळात रिलायन्स आर्केड, मार्केट रो आणि ग्रॅनव्हिल आर्केड ही छपराखालची दुकानांची रांग उभी राहिली. ही बांधकामे २०१० साली वारसा-वास्तू म्हणून संरक्षित करण्यात आली. ज्या गिऱ्हाइकांमुळे हा बाजार प्रसिद्धीस आला, ती गिऱ्हाइके हे गाळे बांधले गेले तेव्हा तेथे नव्हती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या बाजारात याम, कसावा, न पिकलेली मोठी केळी, भेंडी, अळकुड्या, डब्यांत भरलेले अॅकी, खारवलेला कॉड मासा आणि लाल-पिवळ्या तिखटजाळ मिरच्या मांडलेल्या दिसतात. मराठी गृहिणीस यांतील निम्म्या वस्तू परिचयाच्या वाटतील. नावे मात्र तिला परकी वाटतील, आणि इतिहास आहे तो त्या नावांत.

२

१९४८ पूर्वी लंडनमध्ये आफ्रिकी अन्न मुळीच मिळत नव्हते असे नाही. ते अल्प प्रमाणात व ठरावीक ठिकाणी मिळत असे. पश्चिम आफ्रिकी विद्यार्थी संघाची स्थापना १९२५ साली लादिपो सोलांके यांच्या पुढाकाराने झाली. १९३३ मध्ये या संघाने कॅम्डन भागात वसतिगृह काढले आणि तेथे विद्यार्थ्यांना आपल्याकडचे जेवण मिळू लागले. खासगी घरांत काळ्या भाडेकरूस खोली नाकारली जात असताना असे वसतिगृह ही केवळ सोय नव्हती. ते आश्रयस्थान होते. १९३५ साली एमी ॲशवुड गार्वी यांनी लंडनच्या मध्यवस्तीत आफ्रिकी उपाहारगृह उघडले. मँचेस्टरमध्ये ब्रिटिश गियानातून आलेले रास मकॉनेन यांनी १९४० नंतरच्या दशकात उपाहारगृहे चालविली. त्याच शहरात ऑक्टोबर १९४५ मध्ये भरलेल्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेच्या आयोजनात त्यांचा मोठा वाटा होता. अन्नगृह आणि राजकीय सभा यांचा हा संबंध पुढेही दिसणार आहे.

जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंड्रश’ हे जहाज टिलबरी बंदरास लागले. त्यावरील सुमारे आठशे उतारूंनी आपले पूर्वीचे वास्तव्य कॅरिबियन प्रदेशातील असल्याचे सांगितले होते. ज्यांना राहण्यास जागा नव्हती अशा दोनशेहून अधिक लोकांची सोय क्लॅपहॅम साउथ येथील युद्धकालीन भुयारी निवाऱ्यात करण्यात आली. तेथून जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनमधील कोल्डहार्बर लेनवर होते. काम शोधावयास जे तेथे गेले, त्यांतील कित्येकांनी त्याच परिसरात खोल्या धरल्या. ब्रिक्स्टन हे ब्रिटनमधील कॅरिबियन समाजाचे केंद्र झाले त्यामागे असा योगायोग आहे.

त्या वेळी ब्रिटनमध्ये शिधावाटप चालू होते. जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेले हे नियंत्रण पूर्णतः उठले ते जुलै १९५४ मध्ये. साखरेच्या बेटांवरून आलेल्या माणसास साखर मोजून घ्यावी लागे. तांदूळ मिळे तो मुख्यतः दुधात शिजवून गोड पक्वान्न करण्याच्या जातीचा, आखूड व चिकट. मोकळा भात त्याचा होत नसे. याम आणि हिरवी केळी तर दुर्मिळच होती. सॅम्युएल सेल्व्हन हे त्रिनिदादचे लेखक. त्यांच्या ‘द लोनली लंडनर्स’ या १९५६ च्या कादंबरीत वस्तीतील एक वाणी नव्या गिऱ्हाइकांच्या मागणीप्रमाणे माल ठेवू लागतो, आणि टँटी नावाची प्रौढ बाई त्यास उधारीने माल देण्यास भाग पाडते. कादंबरी हा पुरावा नव्हे. परंतु बाजार कसा बदलतो याचे त्यातील आकलन अचूक आहे. दुकानदार स्वतः होऊन याम मागवीत नाही. कोणीतरी त्याच्यासमोर उभे राहून ते नाव पुन्हापुन्हा उच्चारावे लागते. दुकानात वस्तू येण्यापूर्वी तिचे नाव यावे लागते.

३

आता या नावांकडे वळू. ‘याम’ हा शब्द इंग्रजीत आला तो पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांमार्फत. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकी भाषांतील ‘खाणे’ या अर्थाच्या ‘न्याम’सारख्या धातूत शोधले जाते. जमैकन बोलीत ‘न्याम’ हे क्रियापद याच अर्थाने आजही वापरात आहे. आपल्याकडील कोनफळ याच कुळातील कंद होय. भेंडीचे ‘ओक्रा’ हे नाव इग्बो भाषेतून आले. तिचेच दुसरे नाव ‘गंबो’ हे बांटू कुळातील भाषांचे देणे आहे. एकाच भाजीची ही दोन नावे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील दोन निरनिराळ्या प्रदेशांची साक्ष देतात. मक्याचे वा अन्य पीठ पानात गुंडाळून शिजवावयाच्या पदार्थास जमैकात ‘डुकुनू’ म्हणतात. घानातील अकान भाषांत ‘डोकोनो’ हा शब्द तशाच पदार्थासाठी आहे. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांस ही कृती समजावून सांगावी लागणार नाही.

याउलट ‘सॉल्टफिश’ म्हणजे खारा मासा हे नाव सरळ इंग्रजी आहे. ‘ब्रेडफ्रूट’ हेही तसेच. हा भेद आकस्मिक नाही. उत्तर अटलांटिकमधील कॉड मासा खारवून, वाळवून कॅरिबियन मळ्यांवर पाठविला जाई आणि गुलामांना शिधा म्हणून वाटला जाई; त्यातही हलक्या प्रतीचा माल या बेटांच्या वाट्यास येई. ब्रेडफ्रूटची झाडे कॅप्टन विल्यम ब्लाय याने १७९३ साली पॅसिफिकमधून आणली ती गुलामांसाठी स्वस्त अन्न म्हणून. प्रारंभी लोकांनी त्या फळास फारसे जवळ केले नाही. या दोन्ही वस्तू मालकाकडून आल्या आणि त्यांची नावेही मालकाच्या भाषेत आली.

याम, भेंडी आणि डुकुनू यांची गोष्ट वेगळी होती. जमैकात मळेवाले गुलामांना डोंगरउतारावरील जमिनीचे तुकडे देत आणि त्यांवर त्यांनी आपले अन्न स्वतः पिकवावे अशी अपेक्षा असे. मालकाच्या दृष्टीने ही काटकसर होती. परंतु त्या तुकड्यांवर काय लावावे, ते कसे रांधावे आणि त्यास काय म्हणावे हे ठरविणारा तेथे दुसरा कोणी नव्हता. जादा पीक रविवारच्या बाजारात विकले जाई. म्हणजे ज्या वस्तूवर माणसाचा स्वतःचा हात होता तिला त्याने आपले नाव दिले वा राखले, आणि जी त्याच्या हातावर ठेवली गेली तिला देणाराचे नाव राहिले. हा नियम निरपवाद आहे असे म्हणता येणार नाही. ‘कालालू’ या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि ‘कसावा’ हा शब्द तर कॅरिबियनच्या मूळ रहिवाशांचा, तायनो लोकांचा आहे. तथापि नावांची ही वाटणी स्थूलमानाने ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ ‘अॅकी अँड सॉल्टफिश’ हा या दृष्टीने एखाद्या ताम्रपटाइतका बोलका आहे. अॅकीचे झाड पश्चिम आफ्रिकेतील. ते अठराव्या शतकात जमैकात पोहोचले, आणि त्याचे नाव सामान्यतः अकान भाषेशी जोडले जाते. वनस्पतिशास्त्रात मात्र ते ‘ब्लिघिया सॅपिडा’ म्हणून नोंदले गेले, ते वर उल्लेखिलेल्या कॅप्टन ब्लायच्या सन्मानार्थ. कागदावर नौकाधिपतीचे नाव चढले, तोंडात अकान नाव राहिले. हे फळ झाडावरच आपोआप उकलल्यावाचून खाल्ले तर विषारी ठरते. फळ केव्हा काढावे आणि त्यातील कोणता भाग टाकावा हे ज्ञान नावाबरोबरच एका पिढीकडून दुसरीकडे तोंडी गेले. ताटातील दुसरा अर्धा भाग म्हणजे मालकाचा शिधा. एकाच ताटात आफ्रिका, न्यूफाउंडलंड आणि मळ्याची हिशेबवही एकत्र आली आहेत. न्यूफाउंडलंडजवळील कॉड अतिमासेमारीने घटल्यामुळे कॅनडाला १९९२ साली ती मासेमारी थांबवावी लागली. एके काळचा गुलामांचा शिधा त्यानंतर ब्रिक्स्टनच्या दुकानात महागाचा माल होऊन बसला.

४

या शब्दांची नोंद शास्त्रीय पद्धतीने झाली ती मुख्यतः फ्रेडरिक कॅसिडी यांच्या १९६१ मधील जमैकन बोलीवरील ग्रंथात, आणि कॅसिडी व रॉबर्ट ले पेज यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या जमैकन इंग्रजीच्या कोशात. ‘बिघडलेली इंग्रजी’ म्हणून जिची हेटाळणी होत असे त्या बोलीस या कोशाने इतिहास मिळवून दिला. परंतु कोशातील व्युत्पत्ती जिवंत माणसांच्या व्यवहारात पडताळून पाहण्याची संधी सहसा मिळत नाही. लंडनच्या बाजाराने ती दिली.

घाना १९५७ मध्ये आणि नायजेरिया १९६० मध्ये स्वतंत्र झाला. तेथून विद्यार्थी येतच होते. १९८० नंतर आर्थिक अडचणींमुळे कुटुंबेही मोठ्या संख्येने येऊ लागली. इंग्लंड व वेल्समध्ये २००१ च्या शिरगणतीत कॅरिबियन वंशाचे काळे लोक आफ्रिकी वंशाच्या काळ्या लोकांपेक्षा अधिक होते. २०११ च्या शिरगणतीत हे प्रमाण उलटले. ब्रिक्स्टनपासून फार दूर नसलेल्या पेकहॅममधील राय लेन या रस्त्यावर गारी, एगुसी, कुटलेल्या यामचे पीठ आणि वाळविलेला कॉड मासा यांची दुकाने वाढली. गुलामांच्या व्यापाराने ज्या भाषा दोन-तीन शतकांपूर्वी एकमेकींपासून तोडल्या, त्यांचे शब्द आता एकाच रस्त्यावर ऐकू येऊ लागले. जमैकन ‘डुकुनू’ आणि घानाचा ‘डोकोनो’ एकाच शहरात भेटले.

अशा भेटीत साम्य दिसते तसा दुरावाही दिसतो. योरुबा भाषेतील ‘आकारा’ म्हणजे भिजवून वाटलेल्या चवळीचा तळलेला वडा. कॅरिबियन बेटांवर ‘आक्रा’ हे नाव टिकले, परंतु पुष्कळ ठिकाणी चवळी जाऊन तिच्या जागी खारा मासा आला. शब्द तोच राहिला आणि शिध्याने आतील जिन्नस बदलला. कॉड माशाचेही असेच : कॅरिबियनमध्ये तो मिठात मुरवून गेला, तर नायजेरियात नॉर्वेहून वाऱ्यावर सुकवून. १९६७ ते १९७० या बियाफ्राच्या युद्धकाळात मदतीचे अन्न म्हणूनही हा सुका मासा तेथे पोहोचला. ‘कालालू’ म्हटले की जमैकन माणसापुढे माठाच्या जातीची पालेभाजी येते आणि त्रिनिदादच्या माणसापुढे अळूची पाने. एका शब्दाने दोघे दोन वस्तू मागतात, आणि दुकानदारास गिऱ्हाइकाचे बेट ओळखून माल द्यावा लागतो.

या दुकानदारांत दक्षिण आशियाई मंडळी पुष्कळ आहेत. त्यांतील काहींची कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आली. त्यामुळे बाजाराच्या शब्दसंग्रहात आणखी एक थर चढला. कसाव्यास पूर्व आफ्रिकेतील गुजराती भाषिक ‘मोगो’ म्हणतात; हा स्वाहिली ‘मुहोगो’ शब्दाचा अवतार होय. म्हणजे अमेरिका खंडातील एक कंद लंडनमध्ये तायनो नावानेही विकला जातो व स्वाहिली-गुजराती नावानेही, आणि किसून, आंबवून, भाजला की पश्चिम आफ्रिकी ‘गारी’ या नावाने. भारतात याच कंदाच्या पिठापासून साबुदाणा तयार होतो. उपवासाचे म्हणून जे अन्न महाराष्ट्रात घरोघरी शिजते, त्याचे मूळ आणि राय लेनवरील गारीचे मूळ एकच आहे. ‘बटाटा’ हा शब्ददेखील तायनो लोकांचा. मुळात तो रताळ्याचा वाचक होता आणि पोर्तुगिजांकरवी मराठीत आला.

त्रिनिदाद व गियानाच्या लोकांनी ‘रोटी’ आणि ‘डालपुरी’ लंडनमध्ये आणली. गियानात १८३८ पासून आणि त्रिनिदादमध्ये १८४५ पासून भारतीय करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. १९१७ मध्ये ही भरती थांबली. हे मजूर मुख्यतः भोजपुरी भाषिक असल्याने तेथील खाद्यनामांवर त्याच बोलीचा ठसा आहे. यापेक्षाही जुनी एक देवघेव कडधान्यांत दिसते. तूर ही भारतातील. ती आफ्रिकेत गेली आणि तेथून गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियनमध्ये. जमैकात तिला ‘गंगो’ म्हणतात आणि या नावाचा संबंध कोंगो प्रदेशाशी लावला जातो. चवळी ही आफ्रिकेतील. ती प्राचीन काळीच भारतात आली. ब्रिक्स्टनच्या दुकानात तूर आणि चवळी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. त्यांतील कोणती कोणाची हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही.

५

या विवेचनावरून बाजार हे केवळ सलोख्याचे स्थान होते असा समज होऊ नये. फ्रँक क्रिचलो या त्रिनिदादच्या गृहस्थांनी १९६८ साली नॉटिंग हिल भागात ‘मँग्रोव्ह’ हे उपाहारगृह उघडले. कॅरिबियन जेवणाबरोबर तेथे वाद, सभा आणि सल्लामसलतही चालत असे. जानेवारी १९६९ ते जुलै १९७० या काळात पोलिसांनी त्यावर बारा वेळा छापे घातले. त्याच्या निषेधार्थ ९ ऑगस्ट १९७० रोजी मोर्चा निघाला. त्यातून नऊ जणांवर दंगलीस चिथावणी दिल्याचा खटला भरला गेला आणि १९७१ मध्ये तो ओल्ड बेली न्यायालयात पंचावन्न दिवस चालला. त्या मुख्य आरोपातून सर्व नऊ जण सुटले आणि उभय पक्षी वंशद्वेष असल्याचे न्यायाधीशांनी निकालाच्या वेळी बोलून दाखविले. १७ एप्रिल १९९९ रोजी एका वंशद्वेष्ट्याने ब्रिक्स्टनच्या बाजारात खिळ्यांचा बॉम्ब ठेवला. त्यात अनेक जण जखमी झाले. बाजाराची निवड त्याने मुद्दाम केली होती. या नावांचे लोक कोठे जमतात हे त्यास माहीत होते.

शेवटी पुन्हा कागदपत्रांकडे यावे लागते. १९७३ पूर्वी ब्रिटनमध्ये आलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथे राहण्याचा हक्क होता. परंतु त्यांतील कित्येकांपाशी, विशेषतः लहानपणी आलेल्यांपाशी, त्याचा लेखी पुरावा नव्हता. उतारूंच्या आगमनाची नोंद असलेली जुनी लँडिंग कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली. पुढे नियम कडक झाले तेव्हा आयुष्यभर तेथे काम केलेल्या माणसांना आपण केव्हा आलो हे सिद्ध करण्यास सांगण्यात आले. कोणाची नोकरी गेली, कोणास औषधोपचार नाकारले गेले, काहींना जन्मभूमी म्हणविणाऱ्या अनोळखी देशात धाडण्यात आले. हे प्रकरण २०१८ साली उघडकीस आले आणि शासनास क्षमा मागावी लागली.

नावांचा पुरावा अशा वेळी कामास येत नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. ‘डुकुनू’ हा शब्द येतो म्हणून कोणास पारपत्र मिळत नाही. एखादा शब्द कोणत्या किनाऱ्यावरून निघाला हे भाषाशास्त्र सांगू शकते. तो कोणत्या बाईच्या तोंडून, कोणत्या जहाजात, कोणत्या वर्षी आला हे सांगू शकत नाही. व्यक्तीचा इतिहास कागदच सांगतो, आणि म्हणूनच कागद जाळणे वा फाडणे हा गंभीर अन्याय ठरतो. परंतु समाजाचा इतिहास हिशेबवहीने पुसला, शासकीय कपाटाने गमावला, तरी तो संपूर्ण नाहीसा होत नाही. त्याचा काही भाग व्यवहारात उरतो. १७९३ साली कॅप्टन ब्लायने आपल्या वहीत काय लिहिले हे ग्रंथालयात वाचावयास मिळते. त्याच काळी डोंगरउतारावर याम लावणाऱ्या बाईने काहीच लिहिले नाही. तिचा शब्द मात्र ब्रिक्स्टनच्या बाजारात अजून दर शनिवारी उच्चारला जातो, आणि दुकानदार तो ऐकून नेमकी तीच वस्तू काढून देतो.